परवाची बरणी

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी सगळीकडे ती मेणबाई होती. तेहतीस वर्षं मेणात हात घातल्यावर लोक आणखी काय म्हणणार, असं ती स्वतःच म्हणायची. नव्या माणसाने चुकून खऱ्या नावाने हाक मारलीच, तर क्षणभर इकडेतिकडे बघायची.

इस्पितळाच्या तळघरात, जिना उतरून डावीकडे वळलं की तिची खोली. भिंतीवरून पाण्याचे पाइप गेलेले, आणि त्यांतून दिवसभर कुणीतरी आवंढा गिळत असल्यासारखा आवाज यायचा. एका कडेला काप काढायचं यंत्र, शेजारी कोमट पाण्याचं पसरट भांडं आणि बर्फाचा ट्रे. वितळलेल्या मेणाचा गोडसर, किंचित मळमळवणारा वास तिला आता फक्त रजेवरून परतल्याच्या दिवशी जाणवायचा. वरच्या मजल्यावर माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या बरणीत घालून खाली यायचा. फॉर्मालिन त्याला कुजू द्यायचं नाही. मग मेणबाई त्यातलं पाणी टप्प्याटप्प्याने काढून घ्यायची, त्या जागी मेण मुरवायची, आणि साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा ठोकळा तयार व्हायचा. सगळे त्याला ब्लॉक म्हणायचे, ती वडी म्हणायची. त्या वडीचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून, काचेवर घेऊन, रंगवून ती वर भिंगाखाली बघणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवायची.

पलीकडच्या खोलीत पत्र्याची कपाटं होती आणि कपाटांच्या खणांत दीडएक लाख वड्या. बघायला येणाऱ्या शिकाऊ मुलींना ती सांगायची, हळू बोला गं, आख्खं गाव निजलंय इथे. घोरत नाही, एवढाच काय तो त्रास कमी. हल्ली हा विनोद करायचाही तिला कंटाळा यायचा. यंत्राचं चाक फिरवून फिरवून उजव्या अंगठ्याचं मूळ दुखत असे. निवृत्तीला चार महिने राहिले होते. ती दिवस मोजत नव्हती. मोजायलाही थोडा उत्साह लागतो.

तीन आठवड्यांपूर्वी वरून एका जुन्या वडीची मागणी आली. दुसऱ्या मजल्यावर डीएनए तपासायची प्रयोगशाळा निघून दोन वर्षं झाली होती आणि तिथल्या धाकट्या डॉक्टर अधूनमधून असे जुने ब्लॉक मागवत. मेणबाईने चिठ्ठीवरचा क्रमांक वाचला, वर्ष वाचलं, आणि खण उघडण्याआधीच तिने वडी ओळखली. दीड लाखांतल्या ज्या दोन-चार वड्यांचे क्रमांक तिला तोंडपाठ होते, त्यांतली ही एक होती. तरी तिने वडी काढली, काप काढले, नळीत भरले आणि वर पाठवले. होईल, असं तिने स्वतःला सांगितलं. सगळ्याच थोड्या बिघडतात.

वडी ज्या मुलीची होती, तिचे वडील टेलर होते. गळ्यात मोजपट्टी तशीच विसरून ते इस्पितळात येत, आणि वर कुणी नीट बोललं नाही की जिना उतरून मेणबाईच्या खिडकीशी उभे राहत. मुलगी एकोणीस वर्षांची असताना तिच्या डोक्यात, मागच्या बाजूला, गाठ निघाली होती. ती काढली, मुलगी बरी झाली, नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरीला लागली. आता सव्विसाव्या वर्षी गाठ पुन्हा आली होती, आणि ती अशा जागी की तिथे सुरी घालायला कुणी तयार नव्हतं. म्हणजे नवा तुकडा मिळणार नव्हता. सात वर्षांपूर्वीचा, मेणात ठेवलेला, तोच काय तो.

गाठ दोनपैकी एका जातीची होती. भिंगाखाली त्या दोन जाती जुळ्या बहिणींसारख्या दिसतात आणि जुन्या रिपोर्टातही 'हीच किंवा ती' असंच लिहिलेलं होतं. एका जातीला गाठीपुरते किरण दिले की भागतं. दुसरीला पूर्ण डोकं आणि पाठीचा कणा, सगळीकडे द्यावे लागतात. पूर्ण डोक्याला दिले, तर मुलीची स्मरणशक्ती आणि वाचायचा वेग पहिल्यासारखा राहील याची हमी नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. नक्की जात ठरली नाही, तर धोका नको म्हणून पूर्ण डोकंच धरायचं, असंही. त्यासाठी तारीख दिली होती, आणि आता त्या तारखेला पंधराच दिवस राहिले होते.

धाकट्या डॉक्टरांची तपासणी नेमकं हेच सांगू शकत होती. डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा असतात. कुठे आहेत आणि कुठे नाहीत, याची एक नक्षी बनते. गाठ कितीही तोंड लपवू दे, नक्षीवरून तिचं कूळ कळतं. पण नक्षी वाचण्याआधी डीएनएला एका कडक रसायनातून काढावं लागतं, आणि त्यात चांगला डीएनएसुद्धा तुटतो. आधीच तुकडे झालेला असेल, तर हाती भुगा येतो. डॉक्टरांनी हे सगळं टेलरना खिडकीशी उभं राहून समजावून सांगितलं, तेव्हा ते थोडा वेळ मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, म्हणजे नक्षी आहे, पण कापड जीर्ण झालेलं असलं, तर सुई टोचली की फाटतं. डॉक्टर म्हणाल्या, अगदी तसंच. मेणबाई आत काचा पुसत होती. ती त्याच त्या काचा पुन्हा पुसू लागली.

सोमवारी अकराच्या सुमाराला धाकट्या डॉक्टर स्वतः खाली आल्या. तपासणी फसली होती. वडीतून डीएनए भरपूर निघाला होता, पण सगळा बारीक तुकड्यांचा, आणि यंत्राने जात सांगायला साफ नकार दिला होता. त्यांना कळत नव्हतं, असं का व्हावं. फॉर्मालिन तुकड्याला टिकवतं तसं आतून डीएनएला गाठी मारतं, तोडतंही. एखाद-दोन दिवस ठीक, पण आठवडाभर मुरला तर संपलंच. म्हणून त्यांनी आल्या आल्या नोंदवही मागितली. फॉर्मालिनमधला काळ या रकान्यात, मेणबाईच्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं: १ दिवस.

"मग हे बरोबर आहे," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या. "मग ही कपाटांच्या खोलीतली गरमीच."

त्यांनी ठरवलं की त्याच वडीचे आणखी काप घ्यायचे, जास्त घ्यायचे, तुटलेला डीएनए सांधायचं एक द्रावण वापरून बघायचं. यंत्र शुक्रवारी लागणार होतं. एका पट्टीवर आठ नमुने बसतात, त्यातली एक जागा त्यांनी राखून ठेवली होती. त्याच मुलीची आणखी एक वडी होती, पण तिच्यात मसुराच्या दाण्याएवढा, कागदासारखा पातळ तुकडा उरलेला. मोठीच बिघडलीय तर ती कशी चांगली असेल, आणि संपली तर पुढे कुणाला काही बघायलाच उरणार नाही, म्हणून तिला हात लावायचा नाही. मेणबाईने विचारलं, उद्या सकाळी काढून दिले तर चालतील का. डॉक्टर म्हणाल्या, चालतील.

त्या गेल्यावर तिने नोंदवही मिटली नाही. तशीच उघडी ठेवून डबा खाल्ला.

सात वर्षांपूर्वी ती बरणी एका गुरुवारी दुपारी आली होती. तिच्या झाकणावर चिकटपट्टीने लावलेल्या कागदावर एकच शब्द होता: परवा. खाली ना तारीख, ना सही. आपल्या भाषेत हा शब्द दोन तोंडांचा. गेलेला तोही परवा, येणारा तोही परवा. ऑपरेशनच्या खोलीतल्या सिस्टरनी लिहिलं होतं ते गेलेल्या परवाबद्दल: मंगळवारी काढलेला तुकडा आहे, खाली आणायला माणूस नव्हता म्हणून वरच राहून गेला, आता लगेच घ्या. मेणबाईने वाचलं ते येणाऱ्या परवाबद्दल: हा परवा घ्या. मेंदूचा तुकडा मऊ असतो, दोन दिवस जास्त मुरू द्या, असं सांगणारे डॉक्टर तेव्हा होते. त्यामुळे तिचं वाचणं अगदीच अक्कलशून्य नव्हतं. पण खरी गोष्ट अशी, की त्या दुपारी तिची मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात दाखल झाली होती, गाडी पावणेचारची होती, आणि त्या शब्दाची दोन्ही तोंडं तिला दिसली होती. फोन करून विचारायला दोन मिनिटं लागली असती. तिने त्यातलं सोयीचं तोंड निवडलं, बरणी फळीवर ठेवली आणि गाडी पकडली.

बाळंतपण अडलं. दोन दिवसांचे नऊ झाले. तिच्या जागी बदलीवर आलेला गृहस्थ रोज सकाळी फळीवरची बरणी बघायचा, वरचा शब्द वाचायचा आणि तिला हात लावायचा नाही. त्याला तरी काय बोलणार? ज्या दिवशी बघावं त्या दिवशी परवा दोन दिवस लांबच असतो. ती परतली तेव्हा बरणी तिथेच होती, आणि ती बरणी बघताच तिला सगळं कळलं. मग तिने फोन केला. सिस्टर म्हणाल्या, अहो, परवाचं म्हणजे परवा काढलेलं. वर दोन आणि खाली नऊ, असे अकरा दिवस झाले होते. तिने त्याच दिवशी तुकडा घेतला, वडी केली, काप काढले. भिंगावरच्या डॉक्टरांनी तर निरोप पाठवला की काप सुरेख आलेत. आणि ते खोटं नव्हतं. जास्त मुरलेला तुकडा डोळ्यांना छानच दिसतो. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा वर डीएनएची प्रयोगशाळा नव्हती, असं काही निघेल याची कुणाला कल्पना नव्हती. रकान्यात तिने लिहिलं, १ दिवस. सगळे तेच लिहीत. कुणी विचारत नसे.

घरी वन्सं होत्या. नवरा गेल्यापासून ती आणि तिची थोरली नणंद, दोघीच. वन्सं पूर्वी टेलिफोन कचेरीत होत्या, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे की काय, आता कुणाचंही बोलणं पुरतं होऊ द्यायच्या नाहीत. मेणबाईने भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं, तर दोनदा त्यांनी मधेच तोडून भलतंच विचारलं: त्या बदलीवाल्याला कुणी काही बोललं नव्हतं का, आणि सिस्टरने तारीख का नाही लिहिली. चूक तिघांची मिळून झाली, तर एकटीने का फाशी जायचं, असं त्यांचं म्हणणं. वर साहेब कोण आहेत, तेही त्यांना ठाऊक होतं. विभागाच्या प्रमुखांना सगळे मागून 'खुलासा' म्हणत. सकाळी दहाला यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी ते लेखी खुलासा मागत. असल्या माणसाच्या हाती निवृत्तीच्या तोंडावर आपली मान द्यायची?

"गाडलेली मढी उकरू नयेत," वन्सं म्हणाल्या. "तुला चार महिने काढायचेत. आणि तुझ्या सांगण्याने ती वडी सुधारणार आहे का?"

"ती नाही सुधारणार. पण दुसरी चांगली आहे."

"कुठली दुसरी?"

"छोटी. ती मी स्वतः वेळेवर केलेली आहे. ते त्यांना माहीत नाही."

वन्संनी भाजीचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि म्हणाल्या, सरक, अंगठा दुखतोय तुझा, तुकडे बघ केवढे करतेयस.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडायच्या आधीच टेलर येऊन उभे होते. तपासणी फसल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांना काही विचारायचं नव्हतं. वर जायच्या आधी कुठेतरी उभं राहायचं होतं, एवढंच. मुलीने काल स्वतःच केस कापून घेतले, त्यांनी सांगितलं. त्यांच्याच कात्रीने, कापड कापायच्या. आजवर त्या कात्रीला त्यांनी कागदसुद्धा लावू दिला नव्हता, धार जाते म्हणून. काल काही बोलता आलं नाही. मेणबाईने ऐकून घेतलं. मग हात धुतले, नोंदवही काखेत मारली आणि तीन जिने चढून वर गेली. मधे एकदा कठडा धरून थांबली. दम लागला होता, आणि परतही फिरता आलं असतं.

धाकट्या डॉक्टर संगणकापुढे बसलेल्या होत्या.

"त्या वडीचे काप काढू नका," मेणबाई म्हणाली. "उपयोग नाही. ती अकरा दिवस फॉर्मालिनमध्ये होती."

"वहीत एक दिवस आहे."

"ते मी लिहिलंय."

मग तिने बरणीची, चिठ्ठीची आणि परवाची हकीकत सांगितली. रोज नव्याने परवा वाचणाऱ्या बदलीवाल्यापर्यंत हकीकत आली, तेव्हा डॉक्टरांना हसू फुटलं. पण लगेच त्यांना आपल्याच हसण्याचा राग आला आणि त्यांचा चेहरा ओढला गेला.

"हे तीन आठवड्यांपूर्वी सांगायला हवं होतं."

"हो."

"तीन आठवडे, मेणबाई."

"हो."

डॉक्टरांनी नोंदवही ओढून घेतली आणि पानं उलटायला लागल्या. एक दिवस, एक दिवस, एक दिवस. शनिवारी आलेल्या बरणीपुढे एक दिवस, आणि रविवारी तर तळघराला कुलूप असतं. सलग तीन सुट्ट्यांच्या आधीच्या बरणीपुढेही एक दिवस. त्यांचं बोट रकान्यावरून खाली खाली गेलं आणि पानाच्या तळाशी थांबलं. जुन्या वड्या का फसतात, याचा त्यांनी दोन वर्षं खपून एक तक्ता केला होता. सगळ्याच एक दिवस मुरलेल्या, तरी काही फसतात, म्हणजे दोष कपाटांच्या खोलीतल्या गरमीचा, असं त्यांनी काढलं होतं. खोलीला एसी मिळावा म्हणून अर्जही गेला होता.

"यातले खरे किती?" त्यांनी विचारलं. "मी कशावर विश्वास ठेवू?"

मेणबाई उभीच होती. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. "छोट्या वडीवर ठेवा," ती म्हणाली. ऑपरेशन चालू असताना गाठीचा एक चिमटीभर तुकडा घाईने खाली आला होता. तो गोठवून भिंगावरच्या डॉक्टरांनी तेव्हाच बघितला, आणि त्यातलं उरलेलं तिने स्वतः मंगळवारी दुपारी फॉर्मालिनमध्ये टाकून बुधवारी मेणात घेतलं होतं. तो एक दिवस खरा होता. तिने तो मुद्दाम खरा लिहिला होता असंही नाही. लिहिलं तेच, पण तेव्हा ते खरं निघालं.

"तीत फार तर सात-आठ काप निघतील," डॉक्टर म्हणाल्या.

"जाड घेतले तर सात."

"एकही वाया नाही गेला पाहिजे. बाहेरचा पहिला काप आपण टाकून देतो ना?"

"तोही ठेवावा लागेल."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. रागावण्यासाठी त्यांच्याजवळ बरंच काही होतं, पण काप काढायला इस्पितळात दुसरं कुणी नव्हतं.

वडी बर्फावर अर्धा तास ठेवली, कारण गार मेण नीट कापलं जातं. तोवर मेणबाईने यंत्र पुसलं, पुन्हा पुसलं, जुनं पातं काढून नवं बसवलं. आदल्या माणसाचा एवढासा कणही पात्यावर राहून चालला नसता. खिडकी बंद केली. पंखा बंद केला. डॉक्टर दारात उभ्या होत्या, त्यांना तिने हातानेच आणखी मागे सरायला सांगितलं. मेणात तो तुकडा फिकट, करड्या ठिपक्यासारखा दिसत होता. मधोमध नव्हता, कडेला सरकलेला. सात वर्षांपूर्वी घाईत बसवला असणार. तिने वडी चिमट्यात हलकेच तिरकी केली, डोळा पात्याच्या पातळीवर आणला, आणि एकदा, दोनदा, चाक न फिरवता नुसतंच धरून बघितलं. अंगठा ठणकत होता. तो ठणकतच राहणार होता, म्हणून तिने त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं.

पहिला काप वळीसारखा गुंडाळून आला. तिने श्वास धरून सुईच्या टोकाने तो नळीत सोडला. दुसरा, तिसरा. चौथा पात्याला चिकटला, आणि डॉक्टरांच्या तोंडून काहीतरी निघालं, पण मेणबाईने सुई दुसऱ्या बाजूने घातली आणि तो सुटला. सहाव्यात ठिपका अर्धा झाला. सातव्यात कडेला एक करडी रेघ होती. आठव्यात नुसतं मेण. तिने नळीचं झाकण लावलं, क्रमांक लिहिला, आणि वडी उजेडात धरून बघितली. आरपार काही नव्हतं.

शुक्रवारी नमुना यंत्रात गेला. त्याआधी गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी फोन करून एवढंच सांगितलं की डीएनए थोडा आहे, पण लांब आहे. जेमतेम पुरेल. मेणबाईने बरं म्हणून फोन ठेवला. मधल्या दिवसांत प्रमुखांनी लेखी खुलासा मागितला, तोही तिने दिला, चार ओळींत, सगळं जसं झालं तसं. वन्संनी तिला सिस्टरचं आणि बदलीवाल्याचं नाव घालायला सांगितलं होतं. तिने ती घातली नाहीत. मोठेपणा म्हणून नाही, चार ओळींच्या पुढे लिहायचं त्राणच नव्हतं. प्रमुखांनी कागद दोनदा वाचला. इतक्या वर्षांत आपल्याला असा खुलासा आलाच नाही, असं काहीसं ते पुटपुटले, आणि मग तिच्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद करायचा हुकूम दिला. शिवाय एक काम दिलं. जुन्या नोंदवह्या काढून, जिथे जिथे एक दिवस हा आकडा भरवशाचा नाही, तिथे लाल शाईने तसं लिहायचं. काप सकाळी, वह्या दुपारी.

पुढच्या मंगळवारी निकाल आला. या खेपेला यंत्राने जात सांगितली, आणि खात्रीने सांगितली. गाठीपुरते किरण देऊन भागणारी होती. धाकट्या डॉक्टर हे सांगायला खाली आल्या नाहीत. त्यांचा मदतनीस निकालाच्या कागदाची एक प्रत आणून टेबलावर ठेवून गेला, आणि तीवर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: छोटी वडी, पास. बाकी काही नाही. मेणबाईला तेवढं पुरेसं वाटलं. अजून रागावलेल्या माणसाने एवढं लिहिलं, म्हणजे बरंच लिहिलं.

टेलर दुपारी आले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. इतके दिवस दाबून धरलेलं काहीतरी सैल सोडल्यावर येतो तो थकवा होता. खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून त्यांनी सांगितलं, परवापासून सुरू करणार, गाठीपुरतंच, सहा आठवडे. कचेरीने मुलीची जागा ठेवलीय. मग म्हणाले, तुम्ही शेवटच्या तुकड्यातून काढलंत म्हणे, डॉक्टर सांगत होत्या, हात फार चांगला आहे तुमचा.

तिने लाल पेन बाजूला ठेवलं. हे असंच जाऊ देता आलं असतं.

"पहिली वडी माझ्यामुळे बिघडली होती," ती म्हणाली. "बरणी फळीवर राहिली. अकरा दिवस. आणि मी वहीत खोटं लिहिलं. मी आधी बोलले असते तर तुमचे तीन आठवडे वाचले असते."

पाइपांतून पाणी उतरलं. वर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते लांब जाईपर्यंत दोघांनीही ऐकलं.

"मुलीला सांगू नका," टेलर म्हणाले.

"नाही."

"माफ केलं, असं समजू नका." त्यांनी कट्ट्यावरचे हात उचलले. "मला आत्ता रागवायला वेळ नाही. सहा आठवडे रोज घेऊन यायचंय तिला. त्यानंतर बघेन."

"बघा," मेणबाई म्हणाली.

ते जिन्याकडे गेले, पण पहिल्या पायरीवरून वळून परत आले. त्यांना किरण देतात ती खोली कुठल्या मजल्यावर आहे, ते विचारायचं राहिलं होतं. तिने सांगितलं: मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, पण लिफ्टकडून जाऊ नका, तिकडून लांब पडतं, औषधांच्या दुकानाशेजारच्या बोळातून जा. त्यांनी मान हलवली, बोळ, एवढंच पुन्हा म्हटलं, आणि गेले.

तिने पेन उचललं. समोर पाच वर्षांपूर्वीची वही होती, नोव्हेंबरचं पान. एकोणीस नोंदी, एकोणीस वेळा एक दिवस. पहिली ओळ बुधवारची होती, ती तिला आठवत होती, खरी होती. दुसरीही बहुतेक. तिसऱ्या ओळीशी ती थांबली. वार शनिवार. बरणी कधी आली, कुणी आणली, ती घरी किती वाजता गेली, काहीच आठवेना. तिने दोन मिनिटं डोळे मिटून प्रयत्न केला. मग जुना आकडा वाचता येईल अशी त्यावर एक बारीक रेघ मारली आणि बाजूला, रकान्यात मावेल एवढ्या अक्षरात लिहिलं: माहीत नाही. चौथी ओळ सोमवारची होती.